न घेतलेल्या कर्जाचा तगादा

‘फेडरल डिपार्टमेंट ऑफ क्राइम अँड प्रिव्हेन्शन’ नावाचं खातं अमेरिकेत कधीच अस्तित्वात नव्हतं. नाव नीट वाचलं तर गुन्हा करणं आणि तो रोखणं ही दोन्ही कामं या खात्याकडे असावीत असं वाटतं. तरीही २०१०-११च्या सुमारास अशा बनावट खात्यांच्या ‘अधिकाऱ्यां’चे फोन अमेरिकी घरांत आणि ऑफिसांत खणखणत होते. तुमचं कर्ज थकलंय, आजच्या आज भरा, नाहीतर अटक होईल, खटला चालेल, नोकरी जाईल. मागणी साधारण ३०० डॉलरपासून २,००० डॉलरपर्यंत असायची. बोलणारे भारतातून बोलत होते. ग्राहकांचं हित पाहणारी तिथली सरकारी संस्था, फेडरल ट्रेड कमिशन, फेब्रुवारी २०१२मध्ये या टोळीविरुद्ध कोर्टात गेली, तोवर दोन वर्षांच्या आत ५० लाख डॉलरहून जास्त रक्कम वसूल झाली होती. ज्यांनी पैसे भरले त्यांच्यावर एक तर ते कर्ज नव्हतंच, किंवा असलं तरी ते मागण्याचा या मंडळींना काडीचाही अधिकार नव्हता.

मग लोकांनी पैसे भरले का? माणसं भोळी होती, हे उत्तर सोपं आहे आणि चुकीचं आहे. फोन करणाऱ्याकडे त्यांचं नाव होतं, पत्ता होता, सोशल सिक्युरिटी नंबर होता, कधी कधी बँक खात्याचा नंबरही होता. एवढी माहिती ज्याच्याकडे आहे तो खोटा कसा असेल, असं कुणालाही वाटेल.

ही माहिती आली कुठून, यातच सगळी मेख आहे. अमेरिकेत ‘पेडे लोन’ हा धंदा जोरात चालतो. पुढचा पगार होईपर्यंतची छोटी उसनवारी, व्याज मात्र डोळे पांढरे करणारं. ती देणाऱ्या वेबसाइटवर गरजू माणूस सगळी माहिती भरून अर्ज करतो. अर्ज मंजूर होवो न होवो, माहिती मात्र पुढे जाते. अशा अर्जांच्या याद्या एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे विकल्या जातात. ज्याने निव्वळ चौकशी केली आणि कर्ज घेतलंच नाही, तोही यादीत असतो. शिवाय ज्यांनी खरंच कुठून तरी उसने घेतलेत, त्यांना आपण नक्की कुणाचे किती देणं लागतो याचा नीट हिशेब राहिलेला नसतो. असा माणूस फोनवर ‘नाही’ म्हणायला कचरतो. टोळीला हवा असतो तो नेमका हाच गोंधळ.

कॅन्ससच्या जोएल टकरने या यादीचंच दुकान मांडलं. पेडे लोनच्या धंद्यातून त्याच्या हाती लाखो अर्जदारांची माहिती आली होती. त्याने त्यांच्या नावांपुढे सावकाराचं नाव आणि थकलेली रक्कम घातली, आणि या फायली ‘थकीत कर्जं’ म्हणून वसुली कंपन्यांना विकल्या. २०१४ ते २०१६ या काळात त्याने यातून ७३ लाख डॉलर कमावले. २०२१मध्ये त्याला साडेबारा वर्षांची शिक्षा झाली. त्याचा भाऊ स्कॉट मोटार शर्यतींत उतरायचा. तो पेडे लोनच्याच बेकायदा धंद्यापायी आधीच तुरुंगात गेला होता. टकर प्रकरणातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की यादी विकत घेणारे सगळेच लबाड नव्हते. पैसे मोजून फाइल घेतलेली, तेव्हा कर्ज खरंच असणार, अशा समजुतीने तगादा लावणारेही त्यांत होते. फोनवरचा माणूस प्रामाणिक वाटला, म्हणून कर्ज खरं ठरत नाही.

थकलेलं कर्ज तिथे किती स्वस्त विकलं जातं, हे २०१६च्या जूनमध्ये दूरचित्रवाणीवरचा विनोदी सूत्रसंचालक जॉन ऑलिव्हर याने जगजाहीर केलं. त्याने एक वसुली कंपनी काढली आणि सुमारे ९,००० लोकांची जवळपास दीड कोटी डॉलरची दवाखान्याची थकीत बिलं ६०,००० डॉलरच्या आत विकत घेतली. मग ती सगळी माफ करून टाकली. पण दुसऱ्या कुणी ती घेतली असती तर?

याच सुमारास या गोष्टीचं एक टोक मीरा रोडला सापडलं. ऑक्टोबर २०१६च्या पहिल्या आठवड्यात ठाणे पोलिसांनी तिथल्या कॉल सेंटरांवर रात्री छापे घातले. अमेरिकेत तेव्हा दिवस, म्हणून काम रात्रीचं. पोलीस आत शिरले तेव्हा शेकडो तरुण-तरुणी हेडफोन लावून बसलेली होती. सुमारे ७० जणांना अटक झाली, बाकीच्यांची चौकशी झाली. इथलं देणं बँकेचं नव्हतं, अमेरिकी सरकारच्या थकलेल्या कराचं होतं. बोलणारा आयकर खात्याचा अधिकारी बनायचा, पाठ केलेली संहिता म्हणायचा आणि घाबरलेल्या माणसाला दुकानात जाऊन गिफ्ट कार्डं घ्यायला लावायचा. कार्डावरचा नंबर फोनवर वाचून दाखवला की पैसे गेले. जगातलं कुठलंच सरकार कर गिफ्ट कार्डात घेत नाही, हे शांतपणे बसलं की कुणालाही कळतं. पण शांतपणे बसूच द्यायचं नाही, हीच तर त्या संहितेची खुबी होती.

ऑक्टोबर संपता संपता अमेरिकेच्या न्याय विभागाने ५६ व्यक्ती आणि भारतातली ५ कॉल सेंटरं यांच्यावर आरोपपत्र ठेवलं. २०१८च्या जुलैमध्ये ह्यूस्टनच्या कोर्टाने अमेरिकेतल्या साथीदारांना शिक्षा सुनावल्या, त्यातली सर्वांत मोठी २० वर्षांची. या टोळ्या कधी आयकर खात्याच्या नावाने, तर कधी इमिग्रेशन खात्याच्या नावाने बोलत. अमेरिकेत नव्याने स्थायिक होणाऱ्यांवरही त्यांचा डोळा होता, आणि त्यात भारतातून गेलेली कुटुंबंही आली.

परक्यांना फोन करण्याचं हे कौशल्य घरच्यांवर वापरलं जायला वेळ लागला नाही. २०२०च्या टाळेबंदीत हातातली कामं गेली आणि मोबाइलवर ‘पाच मिनिटांत कर्ज’ देणाऱ्या ॲपचा सुळसुळाट झाला. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासगटाने २०२१च्या सुरुवातीच्या दोन महिन्यांत ॲप स्टोअर धुंडाळली, तेव्हा कर्ज देणारी सुमारे १,१०० ॲप सापडली. त्यांतली ६०० बेकायदा होती. पाच हजार मंजूर, हातात तीन-साडेतीन हजार, फेड सात दिवसांत, असा एकूण मामला. पण खरी कमाई व्याजात नव्हती. ॲप उतरवून घेताना माणूस घाईत ‘अलाव’ दाबत जातो आणि त्याचे सगळे कॉन्टॅक्ट, सगळे फोटो समोरच्याच्या हाती जातात.

पुढे काय होतं ते आता अनेक घरांना ठाऊक आहे. कर्ज फेडल्यावरही ‘बाकी’ निघते. फोटोला दुसरंच शरीर चिकटवून ते मामेभावाला, साहेबांना, सोसायटीच्या सेक्रेटरीला पाठवलं जातं. ज्याचं नाव कॉन्टॅक्टमध्ये होतं, त्यालाही ‘तुम्ही जामीनदार आहात’ म्हणून फोन जातात. या छळापायी किमान ६० भारतीयांनी जीव दिल्याचं बीबीसीच्या २०२३च्या शोधपटात समोर आलं. रक्कम इतकी क्षुल्लक आणि शेवट असा, हे वाचून संताप येतो तो ॲपवाल्यांचा. पण थोडा आपलाही यायला हवा: नातेवाइकाच्या नावाने असा मेसेज आल्यावर त्याला धीर देण्याऐवजी ‘तू कर्ज काढलंस?’ असं आपण आधी विचारतो.

कॉन्टॅक्टमधल्या माणसाला जामीनदार म्हणून धमकावणं कायद्यात कुठेच बसत नाही. जामीनदार व्हायला स्वतः करारावर सही किंवा संमती द्यावी लागते. कुणी आपला नंबर ‘रेफरन्स’ म्हणून लिहिला, एवढ्याने एका रुपयाचीही जबाबदारी अंगावर येत नाही.

तिसरा प्रकार जास्त अवघड. कर्ज खरं असतं, आपल्या नावावर असतं, फक्त आपण घेतलेलं नसतं. फेब्रुवारी २०२२मध्ये अभिनेत्री सनी लिओनी हिने जाहीर तक्रार केली, की तिच्या पॅनवर कुणीतरी २,००० रुपयांचं कर्ज काढलं आणि तिचा सिबिल स्कोअर खराब केला. त्याच दिवसांत अशा कितीतरी तक्रारी समाजमाध्यमांवर येत होत्या. इथे वसुलीवाला खोटा नसतो, कर्जदार खोटा असतो. म्हणून प्रत्येक तगाद्याला ‘फ्रॉड’ म्हणून फोन कापणं हा काही उपाय नव्हे.

मग ओळखायचं कसं? रिझर्व्ह बँकेच्या नियमांत याची उत्तरं आहेत. वसुली एजंटने सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर कर्जदाराला फोन करायचा नाही. वसुलीचं काम कोणत्या एजन्सीला दिलं आहे हे बँकेने कर्जदाराला कळवायचं असतं; एजंट दारात आला तर त्याच्याजवळ ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र असायला हवं. चारचौघांत अपमान, घरच्यांना किंवा मित्रांना त्रास, अज्ञात नंबरवरून धमक्या, हे सगळं वर्ज्य. हे काम करणाऱ्यांना प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. हे नियम सगळेच पाळतात असं मुळीच नाही. खऱ्या बँकांचे खरे एजंटही रात्री साडेनऊला फोन करतात. पण नियम मोडणाऱ्या खऱ्या एजंटकडेही एक गोष्ट असते, जी खोट्याकडे नसते: कागद.

तेव्हा बोलायचं ते कागदाबद्दल. कोणत्या बँकेचं कर्ज, खाते क्रमांक काय, कधी दिलं, कोणत्या खात्यात जमा केलं, एजन्सीचं नाव काय. हे सगळं बँकेच्या अधिकृत ईमेलवरून लिहून पाठवा. एवढं म्हणून फोन ठेवायचा. खरा माणूस कुरकुरत का होईना, पाठवतो. खोटा आवाज चढवतो, ‘लीगल डिपार्टमेंट’ला फोन जोडून देतो, व्हॉट्सॲपवर अशोकस्तंभ छापलेली नोटीस टाकतो. अशा नोटिशीत ‘कलम ४२०’ दिसलं तर खुशाल हसावं. १ जुलै २०२४पासून नवे गुन्हे भारतीय न्याय संहितेखाली नोंदवले जातात आणि फसवणूक तिथे कलम ३१८मध्ये गेली आहे. टोळीच्या कारकुनाने अजून नोटीस बदललेली नाही. नुसता हप्ता थकला म्हणून पोलीस उचलून नेत नाहीत. तो दिवाणी मामला आहे. चेक न वटणं ही गोष्ट वेगळी, पण तिथेही आधी लेखी नोटीस येते, मग कोर्ट.

अमेरिकेत हाच हक्क १९७७च्या कायद्याने दिलेला आहे. वसुली कंपनीने पहिल्या संपर्कानंतर ५ दिवसांत देण्याचा तपशील लेखी कळवायचा आणि कर्जदाराला तो नाकारायला ३० दिवस द्यायचे. न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये राहणाऱ्या मराठी माणसालाही असा फोन आला, तर हेच शस्त्र हाताशी आहे.

भारतात दुसरी पडताळणी आपल्या हातात असते. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही संस्थांनी वर्षातून एकदा संपूर्ण क्रेडिट रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. आपल्या नावावरची बँका आणि नोंदणीकृत वित्तसंस्थांची कर्जं त्यात दिसतात. कर्ज त्यात नाही, तर फोन जवळजवळ नक्की खोटा. दिसलं, पण आपण घेतलेलं नाही, तर तिथेच तक्रार नोंदवायची. तक्रार ३० दिवसांत निकालात निघाली नाही तर त्यापुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने केली आहे. कर्ज देणारं ॲप खरं का खोटं असा प्रश्न पडला, तर मान्यताप्राप्त बँका आणि वित्तसंस्थांच्या ॲपची यादी १ जुलै २०२५पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे.

सर्वांत महाग पडतो तो ‘कटकट नको’ म्हणून दिलेला हजार रुपयांचा हप्ता. पैसे देणाऱ्याचं नाव यादीत वरच्या ओळीत जातं आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या ‘एजन्सी’चा फोन येतो. कर्ज खरं पण जुनं असेल तरी घाई नडते. मुदत कायद्याप्रमाणे साध्या कर्जाच्या दाव्याला ३ वर्षांची मुदत असते. ती संपण्याआधी लेखी कबुली दिली किंवा नोंद ठेवून काही रक्कम भरली, तर मुदत नव्याने मोजली जाऊ शकते. म्हणून वकिलाला विचारल्याशिवाय ना पैसे, ना ‘हो, देतो’ असा मेसेज.

पैसे गेलेच असतील तर पोलीस ठाण्याच्या वाटेवर असतानाच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर फिरवावा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी ती गोठवता आली तर येते, नंतर नाही. नुसता संशयास्पद फोन आला असेल तर संचार साथी या सरकारी संकेतस्थळाच्या ‘चक्षू’ सुविधेवर तो नोंदवता येतो. धमक्यांचे मेसेज वाचवत नाहीत म्हणून अनेक जण ते पुसून टाकतात. ते करू नये. स्क्रीनशॉट, नंबर, यूपीआय आयडी, व्यवहार क्रमांक हाच तक्रारीचा कणा असतो.

आणि ॲपच्या तावडीत सापडलेल्याने आणखी एक काम त्याच संध्याकाळी उरकावं. ‘माझ्या फोनमधले नंबर चोरीला गेलेत. माझ्या नावाने कर्जवसुलीचा फोन किंवा फोटो आला तर तो खोटा आहे. पैसे देऊ नका, उत्तर देऊ नका, स्क्रीनशॉट मला पाठवा.’ एवढा मजकूर ऑफिसच्या, सोसायटीच्या आणि घरच्यांच्या ग्रुपवर टाकावा, टोळीचा पहिला फोटो तिथे पोहोचायच्या आत. टोळीकडे विकायला बदनामीची भीती तेवढी असते, आणि मामेभावाला सगळं आधीच ठाऊक असेल तर त्याला पाठवलेल्या फोटोची किंमत शून्य होते.