भरकटलेलं मन जातं कुठे?

पान वाचून संपतं आणि लक्षात येतं, की डोळे ओळींवरून फिरत होते पण डोक्यात काहीच शिरलं नाही. तेवढा वेळ मेंदू रिकामा बसला होता का? मुळीच नाही.

हे उलगडलं ते आडवाटेनं. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात १९९०च्या दशकात मेंदूचे पेट स्कॅन काढले जात. आत झोपलेल्या माणसाला कधी शब्द वाचायला द्यायचे, कधी चित्रं पाहायला. त्या वेळच्या प्रतिमेतून स्वस्थ पडून असतानाची प्रतिमा वजा केली, की उरेल तो त्या कामासाठी राबणारा भाग, असा सरळ हिशेब होता. पण वजाबाकी उलटी करून पाहिली तरी काही उरायचंच! काम सुरू झालं की काही भाग मंदावत आणि ते संपलं की पुन्हा जोर धरत. कामं निरनिराळी, मंदावणारे भाग मात्र बहुतेक तेच : कपाळामागचा मधला भाग, मागच्या बाजूला दोन्ही अर्धगोलांच्या फटीत दडलेला भाग, शिवाय कानांच्या वर आणि थोडे मागे असलेले दोन पट्टे. मार्कस रायकल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मेंदूच्या या स्वस्थ असतानाच्या स्थितीला ‘डिफॉल्ट मोड’ असं नाव दिलं.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण आपण नुसते पडून असलो तरी शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा तोच खातो. आणि एखाद्या कामात डोकं घातलं, की या खर्चात भर पडते ती ५ टक्क्यांहूनही कमी. म्हणजे ज्याला आपण विश्रांती म्हणतो, त्यातच मेंदूची बहुतेक शक्ती खर्च होते. केवढी विलक्षण गोष्ट!

२००९ मध्ये कलिना क्रिस्टॉफ यांच्या गटाला आणखी एक नवल दिसलं. मन भरकटलेलं असताना डिफॉल्ट मोडमधल्या या भागांच्या जाळ्याबरोबर नियोजन आणि नियंत्रण सांभाळणारे भागही जागे असतात. आपलं लक्ष उडालंय याचा पत्ताच नसतो, तेव्हा तर दोन्हींची हालचाल जास्तच ठळक असते. किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २,२५० माणसांना दिवसभरात मधूनच फोनवरून गाठून विचारलं, तेव्हा जवळजवळ ४७ टक्के वेळा त्यांचं मन हातातल्या कामावर नव्हतं. अशा वेळी माणसं कमी आनंदी असतात, असंही त्यांना आढळलं. तरीही या भटकण्याला मी खोड मानायला तयार नाही, आणि त्याचं कारण लंडनमधल्या एका अभ्यासात आहे.

२०१८ मधल्या या अभ्यासात सहा रुग्ण होते. प्रसंगांच्या आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस त्यांच्या मेंदूत दोन्ही बाजूंना निकामी झाला होता. निवांत क्षणी त्यांना विचारलं जाई, आत्ता मनात काय चाललं होतं? त्यांचंही मन इतरांइतकंच भरकटत होतं. पण निरोगी माणसं अशा वेळी जुन्या प्रसंगांत आणि पुढच्या बेतांत फिरून येत होती, डोळ्यांसमोर दृश्यं उभी करत होती. रुग्णांचे विचार मात्र बहुतांशी आत्ताच्या क्षणापुरते आणि शब्दांतलेच राहत. ज्या हिप्पोकॅम्पसातून आपण काल आठवतो, त्याच्याच बळावर आपण न घडलेला उद्याही रंगवतो.