वायूची ठेव

पावसाने उघडीप दिली की वालावलला, लक्ष्मीनारायणाच्या तळ्यापलीकडे, कुणग्यांतून युरिया मारणारी मंडळी दिसतात. त्या पांढऱ्या दाण्यांत कार्बन डायॉक्साइड बांधलेला असतो! अलिबागजवळ थळला अमोनिया करताना तो निघतो. अशा कारखान्यांत तो द्रावणात मुरवतात, द्रावण तापवून मोकळा करतात, अन् अमोनियाशी जोडतात. अमाइन द्रावणाचे पेटंट १९३० सालचे. तुतिकोरिनला २०१६ साली कोळशाच्या धुरातून असाच वायू वेचून सोडा केला गेला. जन्म बँकेत गेल्यामुळे मला यातली मेख खुपते. द्रावण ठेव चटकन घेते, परत देताना मात्र वाफेचे जबर व्याज मागते. शिवाय युरिया चिखलात विरघळला की वायू पुन्हा मोकळा. भात पोसते ते नत्रावर. खरा कोंडायचा तर खडकाखाली पुरायला हवा. तो खर्च कुणाच्या खात्यावर टाकायचा?