डाग की खड्डा? आधी ते तर ठरवा!

साखरपुडा पुढच्या महिन्यात आणि फोटोत गालावरचे पिंपल्सचे खड्डे दिसणार, या टेन्शनने झोप उडालीय? अशा वेळी मैत्रीण एखादं क्रीम सुचवते, पार्लरवाली 'लेझर पॅकेज' पुढे करते आणि अर्धा पगार त्यात जातो. जरा थांबा! पाकीट उघडण्याआधी एक साधा प्रश्न : चेहऱ्यावर आहे तो डाग की खड्डा?

ओळखणं सोपं आहे. खिडकीजवळ, बाजूने उजेड येईल असं उभं राहा आणि आरशात बघा. त्वचा सपाट पण रंग काळपट किंवा लालसर, तर तो डाग. तिथे सावली पडतेय, तर खड्डा. डाग बरेचदा काही महिन्यांत आपोआप फिके होतात. रोजचं सनस्क्रीन आणि डॉक्टरांनी दिलेलं रेटिनॉइड किंवा अझेलेइक अ‍ॅसिडचं क्रीम त्याला हातभार लावतं. खड्ड्यात मात्र आतलं कोलॅजनच कमी झालेलं असतं. ते फेसपॅकने भरत नाही.

जसा खड्डा, तसा उपाय

आइस पिक : सुई टोचल्यासारखे अरुंद आणि खोल. लेझर तिथे तळापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून डॉक्टर खड्ड्यात टीसीए हे तीव्र अ‍ॅसिड अगदी थेंबभर टेकवतात किंवा तेवढाच भाग पंचने काढून टाका घालतात.

रोलिंग : लाटांसारखे पसरट. इथे त्वचेला खालून तंतूंनी ओढून धरलेलं असतं. सुईने ते तंतू सोडवायचे, याला सबसिजन म्हणतात.

बॉक्सकार : कडा सरळ, तळ सपाट, कांजिण्यांच्या व्रणांसारखे. फार खोल नसतील तर मायक्रोनीडलिंग किंवा फ्रॅक्शनल लेझर. २००४ साली पुढे आलेल्या या फ्रॅक्शनल तंत्रात लेझर त्वचेत सूक्ष्म ठिपके पाडतो. मधली त्वचा शाबूत राहते, त्यामुळे जखम लवकर भरते.

उंचवटे : फुगलेला व्रण किंवा केलॉइड असेल तर स्टिरॉइडचं इंजेक्शन आणि सिलिकॉन जेल. नुसतं कापून टाकलं तर केलॉइड पुन्हा येऊ शकतो, कधी आधीपेक्षा मोठा!

बहुतेक चेहऱ्यांवर दोन-तीन प्रकार एकत्र असतात. त्यामुळे सगळ्यांना एकच पॅकेज देणाऱ्यापासून चार हात लांबच राहा.

आपल्या रंगाचं गणित

गव्हाळ-सावळ्या त्वचेत मेलॅनिन लगेच जागं होतं. लेझरची उष्णता किंवा पीलचा जोर जरा जास्त झाला, की खड्डा राहतो तसाच आणि वर काळा डाग मिळतो. म्हणून बिनधास्त विचारा : मशीन कोण चालवणार? ते त्वचारोगतज्ज्ञ आहेत का? आधी छोट्या जागेवर टेस्ट करणार का? पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा. पूर्वी त्यानंतर सहा महिने थांबायला लावायचे. २०१७ मध्ये तज्ज्ञांनी हा नियम अनेक उपचारांसाठी सैल केला; पण संपूर्ण चेहऱ्याची त्वचा खरवडण्यासारख्या जोरदार उपचारांना अजूनही थांबावंच लागतं.

आणि 'आठ दिवसांत ग्लो' देणारी मिक्स क्रीम्स? त्यांत बरेचदा स्टिरॉइड असतं. त्याने त्वचा पातळ होते, पिंपल्स उलट वाढतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड क्रीम्स डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, ती उगीच नाही.

कॅलेंडर बघा

नवे पिंपल्स येतच असतील तर आधी ते थांबवा, नाहीतर एक खड्डा भरेपर्यंत दुसरा तयार! पुढे साधारण महिन्याच्या अंतराने काही सीटिंग्ज लागतात आणि नवं कोलॅजन बनायला तीन ते सहा महिने जातात. तेव्हा साखरपुडा महिन्यावर असेल तर सनस्क्रीन आणि चांगला मेकअप एवढंच करा. लग्न वर्षभराने असेल तर आत्ताच अपॉइंटमेंट घ्या.

खड्डे पूर्ण पुसले जातील असं वचन प्रामाणिक डॉक्टर देणार नाही. ते बऱ्यापैकी उथळ होतील, असं सांगणारा भेटला तर तोच आपला डॉक्टर समजा!