आधी अपंग व्हा, मग औषध घ्या!

विमा हा आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांचा परीक्षेपुरता विषय. जोखीम, हप्ता, दावा यांच्या व्याख्या पाठ केल्या की आमचे काम संपते. परंतु विम्याचा एखादा नियम माणसाच्या जीवनमरणाचा निवाडा कसा करतो, हे अमेरिकेतील एचआयव्हीबाधितांची हकीकत वाचताना मला प्रकर्षाने जाणवले.

एचआयव्ही हा विषाणू शरीराची प्रतिकारशक्ती हळूहळू पोखरतो. नियमित गोळ्यांनी तो दबून राहतो व माणूस कामधंदा करीत दीर्घायुष्य जगू शकतो. मात्र गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. तेव्हा प्रश्न उरतो तो पैशाचा.

अमेरिकेत हा खर्च बहुधा विम्यातून भागतो. पण २०१४ पूर्वी स्वतंत्रपणे विमा घेऊ पाहणाऱ्या बाधिताला बहुतेक राज्यांत कंपन्या 'पूर्वीचा आजार' म्हणून नाकारू शकत. गरिबांसाठी १९६५ पासून 'मेडिकेड' ही सरकारी योजना आहे. तिच्यातही मुलेबाळे नसलेल्या धडधाकट प्रौढाला, तो कितीही गरीब असो, बहुधा जागा नसे. एड्सने खंगून तो अपंग ठरला की मगच दार उघडे! ज्या औषधाने अपंगत्व टळले असते, ते अपंग झाल्यावर मिळायचे. तहान लागल्यावर विहीर खणणे आपण ऐकले आहे. येथे तर माणूस कोसळल्यावर कुदळ हाती घेत.

१९९० साली रायन व्हाइट या बाधित मुलाच्या नावाने झालेल्या कायद्याने विमा नसलेल्यांना आधार दिला खरा; परंतु मंजूर रक्कम मर्यादित. २०११ साली औषधांच्या प्रतीक्षायादीत नऊ हजारांवर माणसे होती. गंमत अशी, की त्याच वर्षी एका आंतरराष्ट्रीय संशोधनाने लवकर उपचार केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असे दाखवून दिले. त्या संशोधनात आपले पुणेही सहभागी होते.

२०१० साली ओबामांच्या कारकिर्दीत आरोग्यविम्याचा नवा कायदा झाला. १ जानेवारी २०१४ पासून आजाराच्या कारणावरून विमा नाकारण्यास बंदी आली. मेडिकेडसाठीही अपंगत्वाची अट न ठेवता केवळ उत्पन्न पाहावे, असे ठरले. परंतु जून २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेडिकेडचा हा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला. २०२३ अखेर चाळीस राज्यांनी तो स्वीकारला होता; टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया यांनी नाही. आणि देशातील सुमारे निम्मे नवे बाधित आढळतात ते याच दक्षिण भागात! जेथे विहीर हवी, तेथेच खणायला नकार.

आपल्याकडे २००४ पासून सरकारी केंद्रांत ही औषधे मोफत मिळतात, आणि २०१७ च्या कायद्याने विम्यात बाधितांशी अन्याय्य भेदभाव करण्यास मनाई आहे. उद्या आमच्यापैकी कित्येकजण विमा कचेऱ्यांत नोकरीला लागतील. अर्जावरील 'पूर्वीचा आजार' हा रकाना तपासताना त्यामागे एक माणूस उभा आहे, एवढे ध्यानात ठेवले तरी या विषयाचा अभ्यास सार्थकी लागला, असे मी म्हणेन.