माणसाच्या मापाचे सामान : सुतार-वेल्डर बांधवांसाठी मोकळे पडलेले काम

शिंपी कपडा बेततो तेव्हा शिवणीत थोडी माया सोडतो. पोर वाढले किंवा माणूस सुटला, की शिवण उसवून तोच कपडा मोठा करता येतो. कापडाच्या धंद्यात आमची उमर गेली, म्हणून हे आम्हांला रोज दिसते. पण घरातील लाकडी-लोखंडी सामानात, आणि त्याहून जास्त न्हाणीघर व संडासाच्या सामानात, अशी माया सोडण्याची रीत फार थोडी आहे. खुर्ची एका उंचीची, कमोड एका उंचीचा, नळ एकाच जागी. घरात आठ वर्षांचा नातू आहे आणि ऐंशी वर्षांची दादीही आहे, पण माप सर्वांना एकच. हिवरखेड, तेल्हारा, अकोट या पट्ट्यातील आपल्या कारागिरांनी या गोष्टीकडे धंद्याच्या नजरेने पाहावे, असे आमचे मत आहे.

हे हुनर आपल्याला नवे नाही. कुरआन शरीफ ठेवण्याची रेहल घ्या. कसबी सुतार एकाच फळीतून ती कोरतो. खिळा नाही, बिजागरी नाही, तरी उघडते आणि मिटते. आरामखुर्चीच्या मागच्या दांडीला खाचा असतात. दांडी एक खाच खाली सरकवली की पाठ आणखी कलते. तिचे पट्ट्यापट्ट्यांचे जाड कापड आम्हीही विकले आहे, आता त्याला गिऱ्हाईक क्वचित येते. दोरीची बाज ढिली पडली की पायथ्याची अदवान ओढून ताठ करायची. जुन्या कारागिराने सामान वापरणाऱ्याच्या हातात थोडी सत्ता ठेवली होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांनी बाजार भरला आणि ही सत्ता गेली. परतवाड्याच्या सागवानावर हात बसलेले सुतार आज दुसऱ्याच्या कारखान्यातील दारे बसवण्याच्या मजुरीवर आले.

आता एक अलीकडचे उदाहरण. पाटण्याची शालिनी कुमारी ही शाळकरी मुलगी. तिच्या आजोबांना वॉकर घेऊन जिना चढता येईना. सपाट जमिनीवर वॉकरचे चारही पाय सारखे चालतात, पण पायरीवर पुढचे पाय वर जातात आणि वॉकर अंगावर कलतो. तिने विचार केला की पुढचे दोन पाय पायरीच्या मानाने लहान-मोठे होऊ द्यावेत. अहमदाबादच्या नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने या कल्पनेला 2011 साली इग्नाइट पुरस्कार दिला आणि नमुना घडवण्यास मदत केली. पुढे तो वॉकर तयार करण्याचा परवाना आपल्या विदर्भातील, नागपूरच्या एका कंपनीने घेतला. पाटण्याच्या मुलीची गोष्ट नागपुरात माल बनते, तर हिवरखेडच्या वेल्डरला त्यात अवघड काय आहे? जाड नळीत बारीक नळी सरकवायची, ओळीने छिद्रे पाडायची, आणि स्प्रिंगचा खटका छिद्रात बसवायचा. पायांना रबरी टोपी. एवढाच त्याचा जीव. मात्र खटका कच्चा असेल तर म्हातारा माणूस पडतो. इथे बचत करू नये.

संडासाचा प्रश्न याहून मोठा आहे. 2014 साली स्वच्छ भारत अभियान सुरू झाले तेव्हापासून खेड्यात घरोघरी संडास झाले, ही चांगली गोष्ट झाली. पण त्यांतील बहुतेक बैठक उकिडवी आहे. गुडघे गेलेल्या बुजुर्गांना त्यावर बसता येत नाही, आणि बसले तर उठता येत नाही. पुण्याच्या एमआयटी इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये शिकलेल्या सत्यजित मित्तल यांनी याच उकिडव्या बैठकीत सुधारणा करून 2018 साली ‘स्क्वॅटईझ’ हे भांडे बाजारात आणले. त्यात पाय ठेवण्याच्या जागेला असा उतार व आकार दिला आहे की टाचेला आधार मिळतो आणि सगळा भार चवड्यांवर येत नाही. नमुन्यासाठी त्यांना केंद्र सरकारच्या प्रयास योजनेची मदत झाली.

बाहेरच्या मुलुखातही हाच विचार दिसतो. जपानच्या टोटो कंपनीने 1980 साली पाण्याने धुणारी कमोडची बैठक आणली. पाण्याची नळी नेमकी कुठे यावी, हे ठरवण्यासाठी तिने आपल्याच नोकरांची मापे घेतली होती. आपल्या घरी बधना आणि लोटा पिढ्यान्पिढ्या आहे. पाण्याने तहारत करणाऱ्या समाजाने यात मागे राहावे, हे आम्हांला थोडे खटकते.

वजूचेच पाहा. गुडघेदुखीच्या माणसाला खाली वाकून पाय धुणे जमत नाही. त्याला हवे उंची कमी-जास्त होणारे स्टूल, उभ्या दांडीवर वर-खाली सरकणारा हातातला फवारा, आणि धरायला भिंतीत पक्की दांडी. ही तिन्ही कामे गावात होतात. शासनाच्या सुगम्य बांधकामाच्या मार्गदर्शक सूचनांत कमोडच्या बैठकीची उंची 450 ते 480 मिलिमीटर, म्हणजे 18 ते 19 इंचांच्या आसपास सांगितली आहे. आधाराची दांडी सुमारे दीड इंच जाडीची असावी आणि भिंतीपासून दोन इंच सुटी असावी, म्हणजे मूठ नीट बसते. ती विटेत रावळप्लग ठोकून बसवू नये, आरपार बोल्ट घालावा. ओल्या जागेत साधे लोखंड गंजते, 202 नंबरचे स्टीलही डाग धरते. 304 नंबरचे महाग पडते पण टिकते. गिऱ्हाइकाला हा फरक आधीच समजावून सांगावा, नंतर भांडण नको.

भांडवलाचा प्रश्न येईलच. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत, त्यांत सुतार व लोहार येतात. प्रशिक्षणाच्या काळात रोज 500 रुपये आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर मिळते. त्यापुढे 5 टक्के व्याजाने कर्ज आहे. व्याजाला हात न लावणाऱ्या बांधवांनी एवढे ध्यानात घ्यावे की कर्ज ऐच्छिक आहे. ते न घेताही प्रशिक्षण व अवजारे घेता येतात.

राहिली नकलेची भीती. ती खरी आहे, कारण चांगला नमुना बाजारात दिसला की दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या गाळ्यात तसाच उभा राहतो. वस्तूचे रूप आणि घडण यांची नोंद डिझाइन कायदा 2000 खाली होते. एका व्यक्तीच्या अर्जाची सरकारी फी 1,000 रुपये आहे, संरक्षण 10 वर्षे आणि पुढे आणखी 5 वर्षे वाढवता येते. परंतु खटका कसा चालतो, ही युक्ती त्यात येत नाही. त्यासाठी पेटंट लागते, त्याची मुदत 20 वर्षे. दोन्हींत अट अशी की वस्तू अर्जापूर्वी जगजाहीर झालेली नसावी. म्हणून नवा नमुना तयार झाला की मोबाइलवर त्याचा फोटो चार गटांत टाकण्याची घाई करू नये. अर्ज ऑनलाइन भरता येतो. आधी अर्ज, मग फोटो.