पॅरिसहून आणलेली विद्या

जर्मनीतील डार्मस्टाट शहराच्या बाजारात एक फेरीवाला लोकांदेखत स्फोटक चूर्ण बनवी व त्याचे फटाके विकी. बघ्यांच्या गर्दीत युस्टुस लीबिग नावाचा एक मुलगा उभा असे. १८०३ साली जन्मलेल्या या मुलाच्या वडिलांचा रंगांचा व औषधी द्रव्यांचा व्यापार होता. त्यामुळे फेरीवाल्याची कृती घरी करून पाहणे त्याला अवघड गेले नाही. परंतु त्या चूर्णात कोणती मूलद्रव्ये किती प्रमाणात आहेत, हे सांगणारे त्याला कोणी भेटेना.

पुढे तो बॉन व एर्लांगेन येथील विद्यापीठांत शिकला. तेथे रसायनशास्त्रावर व्याख्याने होत. पण विद्यार्थ्याने स्वतः तराजू हाती घेऊन पदार्थाचे पृथक्करण करावे, अशी सोय नव्हती. काठावर बसून पोहणे शिकण्यासारखाच तो प्रकार! अखेर हेस संस्थानच्या अधिपतीने द्रव्यसाहाय्य दिले आणि १८२२ साली लीबिग पॅरिसला गेला.

पॅरिसमधील व्याख्यानांत तर्कापेक्षा प्रयोगाला व मोजमापाला मान होता. मात्र प्रयोगशाळा तेथेही प्राध्यापकांच्या खाजगीच होत्या. हुम्बोल्ट या थोर शास्त्रज्ञाने शब्द टाकला, तेव्हा गे-ल्युसाकच्या प्रयोगशाळेचे दार या तरुणासाठी उघडले. गुरुशिष्यांनी तेथे त्याच जुन्या स्फोटक चूर्णाचे पृथक्करण केले. प्रयोग साधला की गे-ल्युसाक आनंदाने शिष्याचा हात धरून नाचू लागे, असे सांगतात.

याच सुमारास व्होलर या दुसऱ्या जर्मन तरुणाने चांदीच्या एका निराळ्या क्षाराचे पृथक्करण केले होते. दोघांची उत्तरे पाहावीत, तर मूलद्रव्ये तीच आणि प्रमाणही तेच! तरी लीबिगचा पदार्थ धक्का लागताच उडे, व्होलरचा शांत राही. व्होलरचे काही चुकले असावे, असे लीबिगला प्रथम वाटले. पण चूक कोणाचीच नव्हती. अणू तेच असूनही त्यांची मांडणी बदलली, की पदार्थ बदलतो, हे यातून शास्त्रज्ञांना उमगले. आणि या वादातून दोघांची जन्माची मैत्री जडली.

१८२४ साली, अवघ्या एकविसाव्या वर्षी, लीबिग गीसेन विद्यापीठात प्राध्यापक झाला. जे दार आपल्याला शिफारशीने उघडले, ते त्याने सर्व विद्यार्थ्यांना मोकळे केले. सैनिकांच्या जुन्या पहारेघरात प्रयोगशाळा थाटली गेली. १८३१ साली त्याने काचेच्या पाच फुग्यांचे एक साधे उपकरण तयार केले. पदार्थ जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड या फुग्यांतील पोटॅशच्या द्रावात शोषला जाई आणि उपकरणाचे वजन वाढे. त्या वाढीवरून पदार्थातील कार्बन किती, हे कळे. पूर्वी निष्णातांनाच साधणारे काम आता विद्यार्थीही करू लागले.

इंग्लंड-अमेरिकेतून विद्यार्थी या लहानशा गावी येऊ लागले. पुढे बेंझीनच्या रेणूची रचना सांगणारा केकुले गीसेनलाच शिकला. १८५१ साली तोही वर्षभरासाठी पॅरिसला गेला.