पाठदुखीचं मूळ ग्रंथीत तर नाही?

झाशीतली असो की साताऱ्यातली, पाठ दुखते म्हणून गृहिणी सहसा डॉक्टरांकडे जात नाही. बाम चोळते, पट्टा बांधते आणि पुन्हा कामाला लागते. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतंही. पण पाठदुखीच्या जोडीला चेहरा गोल व लालसर होणं, पोट सुटूनही हातपाय बारीक होणं, पोटावर रुंद जांभळे पट्टे उमटणं, पाळी अनियमित होणं अशी लक्षणं दिसू लागली, तर दुखण्याचं मूळ ग्रंथीत असू शकतं.

या विकाराला कुशिंग सिंड्रोम म्हणतात. अमेरिकन मेंदूशल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९३२ मध्ये अशा १२ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पाठीला पोक येणं, कंबर दुखणं, इतकंच नव्हे तर उंची कमी होणं, याची नोंद त्यांनी तेव्हाच केली होती.

असं का होतं? मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्यात गाठ झाली, की मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी जास्त कॉर्टिसॉल तयार करू लागतात. कधी गाठ अॅड्रिनलमध्येच असते. हे संप्रेरक प्रमाणाबाहेर वाढलं, की नवं हाड बनणं मंदावतं आणि अन्नातलं कॅल्शियम कमी शोषलं जातं. मणके आतून जाळीदार असल्यानं लवकर खचतात, कधी साधी बादली उचलतानाही!

वर्षाला दहा लाखांत दोन-तीन जणांनाच होणारा हा विकार स्त्रियांत अधिक आढळतो. दुर्मीळ असल्यानं तो ओळखायला अनेकदा वर्षं लागतात. पहिली तपासणी मात्र सोपी आहे. रात्री डेक्सामेथासोनची गोळी देऊन सकाळी रक्तातलं कॉर्टिसॉल मोजतात. पुढच्या उपचारांसाठी झाशीकरांना सुमारे ३०० किलोमीटरवरच्या लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत ग्रंथीविकारांचा स्वतंत्र विभाग आहे. पिट्युटरीची गाठ बहुधा नाकावाटे काढता येते.

दमा किंवा सांधेदुखीसाठी दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांनाही हाच त्रास होऊ शकतो. मात्र ती औषधं स्वतःहून एकाएकी बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं.

उपचारांनंतर हाडांना हळूहळू बळकटी येते, पण खचलेला मणका पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. म्हणूनच पाठदुखीसोबत शरीराची ठेवणही बदलत असेल, तर केवळ बामवर विसंबू नका. वेळीच डॉक्टरांना दाखवा.